डॉक्टरांच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा

आमच्या यवतमाळच्या गॅरेजात दोन गोष्टी कोणी फेकत नाही: ऑइलचे रिकामे डबे आणि किस्से. डबे बाबा ठेवतात, किस्से मी. डॉक्टरकाकांच्या जुन्या गाडीनं तर एका महिन्यात माझं पोतं भरलं!

गाडी त्यांच्या वडिलांची, गोल दिव्यांची. वीस वर्षं ताडपत्रीखाली होती. आता नवा रंग, नव्या सीटा, चारही चाकांना नवे ब्रेक सिलिंडर. फक्त ब्रेक लागत नव्हता. पेडल दाबलं की मऊ, थेट जमिनीला. पाइपात हवा! डॉक्टरकाका म्हणाले, "जो ब्रेक लावून देईल, तोच आम्हा दोघांना लग्नाच्या वाढदिवसाला घाटंजीला नेईल."

लहानपणी त्या ताडपत्रीत घुसून मी स्टिअरिंग फिरवायची. ती सीट माझी होती!

बाबांनी काम दिलं माझ्या चुलतभावाला. मी मेकॅनिकल इंजिनिअर. प्रशांत बारावी. पण त्याला मिशी आहे.

*

हवा काढायला दोघं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी झोपून सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, उघडतो, मग ऑइलबरोबर बुडबुडे निघतात. आत कोण? मी. "पल्लवे, दाब! धर! सोड!" दिवसभर. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचा माझ्या उजव्या पायाला फार उपयोग झाला!

*

तिसऱ्या दिवशीही पेडल मऊच. आमचे म्हातारे मिस्त्री नामदेवकाका बिडी विझवत म्हणाले, "नजर लागली गाडीले." बाबांनी लगेच लिंबू-मिरची बांधली.

मी म्हटलं, "बाबा, एकदा मला तरी पाहू द्या!"

"थांब न. आधी लिंबाचं पाहू."

लिंबाचा नंबर माझ्या आधी! लिंबावर जळणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

*

एकदा प्रशांत मोबाइल पाहत राहिला आणि पाइपांना ऑइल पुरवणाऱ्या वरच्या डबीतलं ऑइल संपलं. नवी हवा आत, अख्खा दिवस पाण्यात. बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होते असं. शिकून राह्यला पोट्टा."

मी दोन वर्षांपूर्वी एक पाना हरवला होता. त्याची चौकशी अजून चालू आहे.

*

मग मी स्वतःच चाकाखाली घुसले. पुढचे दोन्ही सिलिंडर नामदेवकाकांनी उलटे बसवले होते. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. त्यामुळे निपल खालच्या अंगाला आलं होतं. हवा वर चढते. खालच्या भोकातून ऑइलच निघणार, हवा वर बसून राहणार!

सांगितलं. नामदेवकाका भडकले. "चाळीस वर्षं झाले मले या कामात. तू आता मले डावं-उजवं शिकवशीन काय वं?"

बाबा म्हणाले, "मोठ्या मानसाले असं बोलत नसते. जाय, पाय दाब."

*

रविवारी आई आणि मी सोडून सगळे राळेगावला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले. मी सिलिंडर काढले, अदलाबदल करून बसवले. पण पाय कोण दाबणार? आईला हाक मारली. ती कणकेचे हात पुसत आली आणि जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "दाबलं वं! धरलं वं!" बुडबुडे निघाले, निघाले, थांबले. पेडल दगडासारखं!

संध्याकाळी सगळे परतले, डॉक्टरकाकाही आले. बाबांनी पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. "कोणं केलं?"

"पोरीनं," आई म्हणाली. "पाय माहा होता."

डॉक्टरकाकांनी चावी माझ्या हातात ठेवली. मी सीटवर बसले, इंजिन सुरू केलं, वर पाहिलं. गाडीजवळ कोणीच नाही! सगळे आईभोवती. बाबांनी तिला खुर्ची दिली होती, स्वतः चहा आणला होता.

"कसं लागलं पायाले?" बाबा विचारत होते.

"पयले फुगल्या पोळीवानी. मंग एकदम पाट्यावानी."

सगळ्यांच्या माना डोलल्या! हेच मी महिनाभर 'प्रेशर, प्रेशर' म्हणून सांगत होते.

नामदेवकाका खुर्चीजवळ उकिडवे बसले. "वहिनी, माह्या भाच्याच्या जीपचा ब्रेकही मऊच हाय. उद्या पाहान काय जी?"

आईनं शांतपणे चहाचा घोट घेतला.

"पाहीन न. पन पाना धराले पोरगी लागन मले."