भाऊजींचं करिअर कॉलेज

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून परत पाठवणारा दुकानदार अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. भाऊजींचं नारायणगुड्याला, एका बेकरीच्या माडीवर, करिअर कॉलेज होतं. आधी तो साधा टायपिंगचा क्लास होता. मग परदेशी कंपन्या येणार, येणार म्हणून जो तो कॉम्प्युटरच्या मागे धावू लागला, तेव्हा भाऊजींनी टाइपरायटर काढून टाकले, चार कॉम्प्युटर आणले आणि क्लासचं कॉलेज केलं. नवी पाटी मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशी चार लिप्यांत रंगवून घेतली. कुठलंही अक्षर दुसऱ्यापेक्षा लहान दिसता कामा नये, असा त्यांचा हट्ट. परिणामी फोन नंबराला पाटीवर जागाच उरली नाही. पेंटरने तो जिन्यातल्या भिंतीवर लिहून दिला, म्हणजे जो वर येऊन पोचला असेल त्यालाच तो दिसायचा.

मी बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून प्रवेशाचं टेबल माझ्याकडे आलं. मी माणसाला कोर्ससाठी राजी करायचं आणि भाऊजींनी त्याची मुलाखत घेऊन त्याला वाटेला लावायचं, असा आमचा धंदा चाले. एकदा बेगम बाजारातल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा पूर्ण फी घेऊन आला. भाऊजींनी तासभर त्याच्याशी मिरचीच्या भावावर गप्पा मारल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तेरे को कॉम्प्युटर कायकू रे? तुझा जीव दुकानात आहे. जा, बापाजवळ बस." तो खूश होऊन गेला, फीसकट. ज्यांना फी परवडत नसे त्यांना मात्र मुलाखतीची अट नव्हती. त्यामुळे आमच्याकडे कोण यायचं म्हणाल, तर जुन्या शहरातली बुरख्यातली एक हुशार पोरगी, वरंगळकडची दोन तेलुगू मुलं, तिन्हीसांजेच्या आत जेवणारी एक जैन सून आणि सिकंदराबादेहून बस बदलत येणाऱ्या एक निवृत्त ख्रिस्ती नर्सबाई.

या मंडळींसाठी भाऊजींनी एक रिवाज पाडला होता. एकाचा सण म्हणजे सगळ्यांना सुट्टी, आणि ती घरी लोळायला नव्हे. अख्ख्या वर्गाने त्याच्याकडे जेवायला जायचं. ईद, बोनालू, पर्युषण, नाताळ, काही म्हणून सुटत नसे. पर्युषणात जेवायला काय मिळणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "उपासाला सोबत लागते की नाही?" रमझानात वर्ग लवकर सुटे, जैन सुनेसाठी दुपारी भरे आणि नर्सबाईंची बस चुकली की तासभर थांबे. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात, याचा सगळ्यात जास्त आनंद ताईला होई. तेवढीच एक सुट्टी वाचायची. माडीचं भाडं आणि घरखर्च यांची तोंडमिळवणी करताना बिचारीच्या नाकी नऊ येत.

पुढे हिमायतनगरात गारेगार काचेच्या इन्स्टिट्यूट निघाल्या आणि आमचे प्रवेश रोडावले. घरमालकाने सांगून टाकलं की दसऱ्यापर्यंत थकलेलं भाडं आलं नाही तर माडी रिकामी करा. अशात एका औषधांच्या कंपनीचा अधिकारी देवासारखा धावून आला. त्याला आपल्या सगळ्या कारकुनांना शिकवून हवं होतं. फी पूर्ण, तीही आगाऊ. अट एकच, दिवसभर माडी त्यांची. आमच्या मुलांना दुसरीकडे जायला सांगायचं. ताई भाऊजींना म्हणाली, "एवढं एक गिऱ्हाईक परत पाठवू नका. माझ्यासाठी." लग्नानंतर तिने त्यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाऊजी मुकाट्याने हो म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. अधिकारी बोलत होता, भाऊजी मान हलवत होते. मिरचीचा नाही, औषधांचा नाही, कशाचाच विषय त्यांनी काढला नाही. दुपारचा वर्ग एव्हाना जिन्यात येऊन थांबला होता, आणि आतलं सगळं त्यांना ऐकू जात होतं. बुरख्यातली पोरगी नर्सबाईंच्या हातातली पिशवी घेऊन खाली उतरायला वळली. ताई तेवढ्यात चहा घेऊन आली. तिने जिन्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

"साब, जगा नहीं है," ती म्हणाली. "ये बच्चे पहले से हैं हमारे. इनको किधर भेजूं मैं?"

त्या बच्च्यांत साठी उलटलेल्या नर्सबाईही होत्या. पण हसायचं कोणालाच सुचलं नाही.

अधिकारी चहा न घेता गेला. भाऊजी खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "अगं, कॉलेज जाईल आता."

"जाऊ दे. तुमचं असलं तोंड मला बघवत नव्हतं."

कॉलेज गेलंच. दसऱ्याच्या आत माडी सोडली, कॉम्प्युटर ताईच्या बाहेरच्या खोलीत आले आणि राहिलेला वर्ग तिथे पलंग भिंतीला उभा करून पुरा झाला. भाऊजींनी एका दुकानात हिशेबनिसाची नोकरी धरली. शेवटच्या दिवशी सगळे ताईच्या पाया पडून, गळ्यात पडून गेले. मीही तिथेच होते. भाऊजींनी एकेक मशीन बंद केलं, त्यांवर कापड घातलं आणि आमच्याकडे पाठ करूनच विचारलं, "पुन्हा कधीतरी उघडू ना गं?"

ते कधी उघडणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ताईने पलंग खाली घेतला, त्यावर चादर घातली.

"उघडू की," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."