लाडूची आंघोळ

बानाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीतली आमची इमारत. त्यांचं घर तिसऱ्यावर, माझं दुसऱ्यावर. मी एसटीत कंडक्टर होतो. बरीच वर्षं कन्नडच्या गाड्यांवर काढली. त्या देवगाव रंगारीच्या आहेत हे कळलं आणि जिन्यातच आमची ओळख झाली. "मंग आमचं तिकीट तुमीच फाडलं आसंल भाऊ," असं म्हणून त्या मोकळ्या हसल्या होत्या.

त्यांचे यजमान मल्हारराव गेले तेव्हा बानाबाईंची साठी उलटली होती. दोघांनी मिळून चाळीसेक वर्षं मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचं. झोपायचं कुणाच्या तरी शेतात, मेंढरांच्या कडेला. एकटीनं कळप सांभाळणं होईना, म्हणून तो विकला आणि मुलगा अजिनाथ त्यांना शहरात घेऊन आला. अजिनाथ कारखान्यात सुपरवायझर आहे. सून अंबिका विम्याच्या एका ऑफिसात जाते. नात तनुजा तेव्हा इथंच कॉलेजात होती.

आल्यावर महिनाभरातच बानाबाई हरवल्या. कढीपत्ता आणायला खाली उतरल्या, परत वळल्या तर सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. चालत चालत जालना रोडला लागल्या. एका टेम्पोनं कट मारला, कोपर फुटलं. तीन तासांनी अजिनाथला त्या विमानतळाच्या बाजूला सापडल्या. त्या दिवसापासून अंबिका कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मला म्हणाली, "काका, ऑफिसात माझं लक्षच लागत नाही. आईंना काही झालं तर मी यांना काय तोंड दाखवू?"

बानाबाईंनी तक्रार केली नाही. दुपारी मी गॅलरीत आलो की त्या वरच्या गॅलरीतून वाकून विचारायच्या, "भाऊ, जेवलात का?"

"जेवलो. तुम्ही?"

"जेवले. आता बसले."

अंबिका येईपर्यंत त्या बसलेल्याच असत.

घरात आणखी एक जण कोंडलेला होता. तनुजानं साप पाळला होता, बॉल पायथन. आपल्या रानातले साप पाळायला कायद्यानं बंदी आहे; हा परदेशी, बिनविषारी, आणि तिनं त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली. मनगटाएवढा जाड, साडेतीन फूट लांब. घाबरला की स्वतःचं गोल वेटोळं करून बसतो, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं लाडू. सुरुवातीला बानाबाई त्याची काचपेटी असलेल्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. म्हणायच्या, "आमी सापाला हात जोडून वाट बदलनारी मानसं. ह्यो घरातच बसलाय. वाट बदलू कुठं?"

पण तनुजा पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. वसतिगृहात साप चालत नाही. अंबिकाला त्याची शिसारी यायची. अजिनाथ पंधरवड्यातून एकदा खाऊ घालायचा तेवढंच. साफसफाईचं काम राहिलं ते दिवसभर घरात असणाऱ्या माणसाकडं आलं. जायच्या आधी तनुजानं चार दिवस आजीला शिकवलं. त्यानं खाल्लं की दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर ओकून टाकतो. घाण दिसली की लगेच काढायची. आठवड्याला काचपेटीतले कागद बदलायचे, तेवढा वेळ त्याला भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवायचं. फिनेल चालणार नाही, त्याचा वास त्याला बाधतो. पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचं, मग साध्या पाण्यानं, मग कोरडं. हात आधी धुवायचे आणि नंतर तर साबणानं चोळून धुवायचेच.

"बाळंतिणीच्या खोलीवानी हाय की गं समदं," बानाबाई म्हणाल्या. जनावराचं करणं त्यांच्या हाताला ठाऊक होतं. दोन महिन्यांत लाडू त्यांच्या हातावर वेटोळं न करता सरळ पसरू लागला.

यंदा जानेवारीत थंडी पडली ती कोरडी. लाडूची कात नीट उतरली नाही. शेपटीला चिकटून राहिली, पाठीवर चिंध्यांसारखी लोंबू लागली. सकाळी साडेदहाला तनुजाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं बघितलं आणि सांगितलं, "आजी, त्याला कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेव. पाणी चार बोटंच घे, डोकं वर राहिलं पाहिजे. मग ओल्या फडक्यानं हळू पूस. ओढू नको. डोळ्यावरची राहिली तर राहू दे, तिला हात लावायचा नाही. आणि बाथरूमचं दार लावून घे, नाहीतर कपाटाखाली शिरेल. माझं प्रॅक्टिकल आहे, दुपारी करते फोन."

बानाबाईंनी फोन बाहेर वॉशिंग मशीनवर ठेवला, टबात पाणी घेऊन मनगट बुडवून पाहिलं, लाडूला सोडलं आणि दार लावून घेतलं. काम छान झालं. फडक्याखाली कात सुटत गेली, शेपटी कोरी निघाली. एका डोळ्यावरची राहिली, ती त्यांनी तशीच ठेवली. त्याला टॉवेलात गुंडाळून त्या उठल्या आणि दाराची मूठ फिरवली, तर मूठ हातातच आली. भोकात लोखंडी दांडीचं टोक तेवढं दिसत होतं, चिमटीत न येणारं. त्यांनी कंगव्यानं खुपसून पाहिलं, फडकं गुंडाळून पाहिलं. कंगवा मोडला.

मग त्यांनी हाका मारल्या. कुणाला मारणार? घराला कुलूप. बाथरूमची खिडकी म्हणजे डोक्याच्या वर काचेच्या चार पट्ट्या, त्याही पलीकडच्या अरुंद बोळात उघडणाऱ्या. बारा-एकच्या सुमारास बाहेर फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. दाराला तोंड लावून त्या ओरडल्या, "तनू! अगं तनू!" फोन थांबला. पुढं मला सांगताना त्या म्हणाल्या, "भाऊ, तवा माज्या ध्यानात आलं. ह्ये दार उघडलं तरी पुढं दुसरं हायेच. मंग मला घाम फुटला."

बाथरूम उत्तरेचं, ऊन कधी शिरत नाही. गीझरचं बटण बाहेर. टबातलं पाणी गार झालं होतं, फरशी त्याहून गार. लाडूची हालचाल मंदावत गेली. अंगाला हात लावला तर गारठलेला. बानाबाईंनी पाणी ओतून दिलं, त्याला कोरडा पुसला, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि त्याला लुगड्याच्या आत पोटाशी धरलं. माळावर थंडीत जन्मलेलं कोकरू त्या असंच धरायच्या. तो आधी ताठ होता. मग हळूहळू त्यांच्या कमरेभोवती वळला आणि तसाच राहिला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"त्याची न्हाय वाटली. भिंतींची वाटली. डोळं मिटलं की त्या जवळ आल्यावानी व्हायचं. मंग म्या डोळं उघडं ठिवून बसले."

मधूनमधून त्या प्लास्टिकच्या मगनं पाइपवर ठोकत होत्या. त्या दिवशी नेमका मी भाच्याकडं खुलताबादला गेलो होतो. साडेतीनला घरी आलो, पाय धुवायला बाथरूममध्ये शिरलो आणि टक टक ऐकू आलं. आधी वाटलं, पाइपात हवा असेल. पण ते थांबे आणि पुन्हा सुरू होई. मी खिडकीशी जाऊन ओरडलो, "कोण आहे वर?"

"भाऊ!" आवाज पार बसला होता. "दार आडकलंय. सकाळपासनं."

मी धावत वर गेलो आणि जाळीच्या लोखंडी दारासमोर, हाताएवढ्या कुलपासमोर नुसता उभा राहिलो. अजिनाथचा फोन शिफ्टमध्ये बंद असतो. अंबिकाला लागला. "मी निघते, निघालेच," एवढंच ती बोलली. तिला यायला पाऊण तास लागला. तोवर मी खाली येऊन खिडकीतून बोलत राहिलो. काय बोलायचं सुचेना, म्हणून कन्नडच्या रस्त्यावरचे थांबे ओळीनं सांगत सुटलो. मध्येच त्यांनी विचारलं, "भाऊ, ऊन कुठवर आलंय?" समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आलंय, म्हणालो. "मंग चार वाजून गेलं," त्या म्हणाल्या. घड्याळात सव्वाचार झाले होते.

अंबिका आली. किल्ली दोनदा तिच्या हातून खाली पडली. कुलूप निघालं. बाथरूमची बाहेरची मूठ तिनं फिरवली आणि दार सहज उघडलं, काही झालंच नव्हतं असं. बानाबाईंना उठता येईना, पाय बधिर झाले होते. अंबिका रडू लागली. "आई, लागलं का कुठं?"

"न्हाय. आदी ह्याला दिव्याखाली ठिव. लई गारठलाय."

जी अंबिका त्या खोलीच्या दाराशीही थांबत नसे, तिनं डोळे अर्धे मिटून, दोन्ही हात पुढं करून लाडूला घेतलं आणि काचपेटीत नेऊन उबेच्या दिव्याखाली सोडलं.

सहाला अजिनाथ आला. ऐकल्याबरोबर तो भडकला. "उद्याच्या उद्या तो साप देऊन टाकायचा. घरात नको."

"सापानं काय केलं?" बानाबाई म्हणाल्या. "मूठ सापानं तोडली व्हय? दोन दारं हायेत ह्या घराला, अजिनाथ. मी आत आसले की दोन्ही भाईरूनच उघडतेत. मला किल्ली पायजे."

"आणि परत हरवलीस तर?"

"हरवंन. इचारीत इचारीत यीन."

मी चहाचा कप घेऊन बसलो होतो, मला उठताही येईना. दुसऱ्या दिवशी सुतारानं येऊन मूठ बदलली, अजिनाथनं घराची एक जादा किल्ली माझ्याकडं दिली, आणि अंबिका कुलूप लावूनच कामावर गेली. कुलूप न लावता जाणं तिच्याच्यानं होत नव्हतं. असे चार दिवस गेले. मग पुण्याहून तनुजा आली. आईशी काय बोलली ठाऊक नाही; जिन्यापर्यंत आवाज येत होते. सोमवारी बानाबाईंच्या हातात किल्ली आली, सोबत नाव-पत्ता आणि घरच्या तिघांचे नंबर लिहिलेला कागद.

पहिला आठवडा त्या कुठंच गेल्या नाहीत. दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायच्या, इतकंच. मग खालच्या भाजीवाल्या सारजाबाईपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. लाडूची डोळ्यावर राहिलेली कात पुढच्या खेपेला आपोआप निघाली.

मी एकदा विचारलं, "गावी जावंसं वाटतं का?"

"वाटतं. पर तिथं आता कुणाकडं जाऊ? घर दिराच्या पोरांनी घेतलं. ऱ्हायचं हितंच."

फेब्रुवारीत त्या पुन्हा हरवल्या. दोन तास भटकल्या, एका टपरीवाल्याला कागद दाखवला, त्यानं वाटेला लावून दिलं. पायाला धूळ, कपाळावर घाम, अशा त्या माझ्या दारात आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि वर जायच्या आधी पाय धुऊन घेतले.

"अंबिकाला सांगू नका भाऊ," त्या म्हणाल्या.

मी सांगितलेलं नाही.