समोरचं दार

तायडे गेल्याचा फोन गुरुवारी सकाळी आला. रविवारी आम्ही अमरावतीला जाणार होतो. त्यासाठी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला होता, तोच शेवटी त्यांच्या अंगावर घातला.

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत आम्ही वीसेक वर्षं समोरासमोर बसलो. तायडे नकाशे काढायचे. एक रेघ वाकडी गेली की अख्खा कागद फाडायचे. माणूस हट्टी, मला वैताग यायचा. मागच्या वर्षी अमरावतीच्या कॅम्पातला इंग्रज साहेबाचा जुना बंगला लोकांना पाहायला खुला झाला. तायडेंची आजी तिथं झाडलोट करायची. समोरचा व्हरांडा रोज झाडायची, पण आत जायची ती मागच्या न्हाणीच्या दारानं. समोरच्या दारातून तिला मज्जाव होता. "आपन समोरून जाऊ," तायडे म्हणाले. एवढंच हवं होतं त्यांना.

आम्ही पोचलो तर समोरच्या पायऱ्यांवर बांबू आडवे बांधलेले. काम चालू होतं. चौकीदार म्हणाला, "काका, मांगून या. सारे तिकूनच जाऊन राहिले."

तायडे जागचे हलेनात. उन्हात उभं राहून माझं डोकं तापलं. "दाराचं काय घेऊन बसले? आतून तं सारखंच आहे."

"तुमाले सारखंच आहे, भाऊसाहेब," ते शांतपणे म्हणाले आणि गेटाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले. आणि मी... मी आत गेलो. न्हाणीतून. आणि वर, बाहेर येऊन त्यांना उंच छत, भिंतीतली शेकोटी, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला आजही माझी शरम वाटते.

त्यानंतर दर महिन्याला ते बंगल्यावर फोन करून विचारायचे, समोरचं दार उघडलं का. उघडलं तेव्हा त्यांच्याकडे तीन दिवसही उरले नव्हते.

तायडेंच्या जलदानविधीनंतर काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "मले घेऊन चाला." समोरच्या पायरीवर त्या क्षणभर थांबल्या.

"तवा घरी येऊन सांगतलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या, "का भाऊसाहेबबी आत नाही गेले. माह्यासाठी उन्हात बसून राहिले म्हने."

वहिनी पायऱ्या चढून समोरच्या दारानं आत गेल्या. त्यांच्या मागून मीही गेलो... दुसऱ्यांदा.