काच लावायच्या आधी

शिरपूरच्या घराला मी कुलूप लावलं तेव्हा सामानाचा टेम्पो निघून गेला होता आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या अक्का, ओट्यावर बसून होत्या. उठेचनात. "भाऊ गया, आते घर बी गयं," एवढंच बोलल्या आणि माझ्याकडे न बघता बसस्टँडकडे चालू लागल्या. मी जळगावला मुलाकडे निघाले होते. हे गेल्यावर एकटीनं तिथं किती काळ काढायचा, सांगा बरं! पण अक्कांचं माहेर माझ्या हातानं बंद झालं, हेही खरंच.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला आखाजी काय सांगायची? अक्षय्यतृतीयेला पितरांची घागर भरायची आणि लेकींनी माहेरी यायचं. शिरपूरला अक्का आधीच येऊन सगळं घर ताब्यात घ्यायच्या. डबे हुंगायच्या, माझ्या सांजोऱ्यांना नावं ठेवायच्या. जळगावला लिफ्ट आहे, हॉलमध्ये मोठा कूलर आहे, पण पहिल्या आखाजीला नावं ठेवायला कुणी आलं नाही. सांजोऱ्या डब्यातच राहिल्या.

यंदा फोनवर फार गळ घातली तेव्हा अक्का आल्या. हातात नुसती पर्स. आल्या आल्या म्हणाल्या, "संध्याकायले परत जासू."

आदल्या दिवशी सुनेनं यांचा फोटो घरच्या प्रिंटरवर काढला होता, कापसाच्या शेतात हसतानाचा. असा शाईचा फोटो दिवसभर उघडा सुकू द्यावा लागतो. लगेच काचेआड कोंडला तर आतल्या ओलीनं काच धुरकटते. म्हणून तो तसाच पाटावर टेकवून ठेवला होता. मी आंब्याचा रस काढत होते, तोवर अक्कांनी गंध उगाळून सवयीनं भावाच्या कपाळाला लावलं. शिरपूरच्या घरातल्या फोटोंना काच असायची, इथं नुसता कागद. शाई पसरली तशी त्यांनी ओल्या पदरानं पुसलं आणि भुवई डोळ्यात उतरली.

"मना भाऊना तोंडले काय व्हयी गयं वं!" अक्कांनी फोटो उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता या पुन्हा माझ्या दारात येत नाहीत.

मी म्हटलं, "अक्का, फोटो मोबाईलमधी शे. दुसरा काढू. पण तो सुकेपर्यंत थांबा. तुमच्यासमोर काच लावू."

सुनेनं दुसरा फोटो काढला आणि संध्याकाळची गाडी अक्कांनी जाऊ दिली.

नातवंडांचे फोटो लावता लावता मी हे काम शिकले, तेही एक फोटो वाया घालवून. काचेला चिकटवून लावलेला तो फोटो कूलरच्या ओलसर हवेनं काचेलाच धरून बसला. तेव्हापासून पांढऱ्या जाड कार्डाची चौकट कापून मध्ये घालते, म्हणजे काच आणि फोटो यांत फट राहते. खोक्याचा पुठ्ठा नको, तो स्वतः पिवळा पडतो आणि फोटोलाही पाडतो. आणि फोटो सगळीकडून चिकटवायचा नाही, वरच्या बाजूला कागदाच्या दोन पट्ट्या लावून टांगता ठेवायचा.

"फेविकॉल दे," अक्का म्हणाल्या.

"नको, गव्हाची खळ बरी. कुरडयांचा चीक शिजतोय, त्यातलाच घेऊ."

"जळगावले येईसन बठ्ठं शिकनी तू!" असं म्हणत त्याच उठल्या आणि मीठ टाकायच्या आधीचा चीक वाटीत काढून मला देताना म्हणाल्या, "पातळ करेल शे. तू घट्टच करतीस."

दुसऱ्या दिवशी फोटो सुकल्यावर काच बसली. अक्कांनी बोटानं काचेवर टकटक करून पाहिलं आणि मग त्या काचेवर गंध लावलं. भिंत कोणती, यावरून सुनेशी भांडल्या. सोफ्यामागे ऊन येतं, तिथं नको. कूलरसमोर तर नकोच. शेवटी देवघराशेजारची भिंत त्यांनीच ठरवली आणि सून खिळा ठोकेपर्यंत तिचं स्टूल धरून उभ्या राहिल्या.

शिरपूर आठवत नाही असा माझा दिवस जात नाही. त्या दुपारी मात्र स्वयंपाकघरात अक्का डबे उघडून हुंगत होत्या आणि शिरपूरला कुलूप लावून या घरात आल्याची लाज मला पहिल्यांदाच वाटेनाशी झाली.

फोटो लागला होता, आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, घ्यायला कधी येऊ म्हणून.

"इतली काय घाई शे? मी माहेरमा शे," अक्का म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "सुमन, तुनं एखादं लुगडं दे वं माले."