होडीतली झोप

आमचे शेजारचे काका किल्लारीचे. भूकंपानंतर लातुरात आले, पण घरात अजून दाराजवळच बसतात. रस्त्यानं ट्रक गेला, भांडी वाजली, की काका अंगणात! मग स्वतःच हसत आत येतात, "गाडी व्हती, गाडी."

मुलांच्या क्लासला सुट्टी लागली, तेव्हा काकांनाही कोकणात ओढून नेलं. समुद्राकाठचे कडे चढताना काका सगळ्यांच्या पुढं. मग होडीतून समुद्रात फेरी मारली. परतताना होडी लाटांवर अशी उसळली, की आम्ही फळ्या धरून देवाचा धावा करत होतो आणि काका चक्क घोरत होते.

किनाऱ्याला लागल्यावर मी चिडूनच विचारलं, "काका, भीती न्हाई वाटली?"

"कशाची? ह्ये पाणी तर सकाळधरनं हलायलंय. भ्या वाटतंय ते गुमान पडलेल्या जमिनीचं. चला, अजून एक चक्कर मारू."