गोळीनं गुंगी येते हे सांगितलं होतं का?

शुगरमुळे वडिलांच्या तळपायांची आग व्हायची. जुळे सोलापुरातल्या एका डॉक्टरांनी त्यावर नवी गोळी लिहून दिली. तेव्हा मी सोबत होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी रिक्षा चालवताना वडिलांचा डोळा लागला आणि रिक्षा रस्त्याकडेला बसलेल्या भाकरीवाल्या मावशींवर गेली. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या त्या बाईला आता खाली बसता येणार नव्हतं.

पोलिसांनी वडिलांवर गुन्हा नोंदवला. ते प्यायले नव्हते, हे तपासणीत निघालं. मग भर दुपारी झोप आली कशी? मी औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी दाखवली. दुकानदार म्हणाला, यानं गुंगी येते, गाडी चालवायची नसते.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे मी प्रत्येक पेशंटला सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. चिठ्ठीवर मात्र तसं एक अक्षर नव्हतं.

आमच्या वकिलांना तिथंच आशा दिसली. डॉक्टरांनी सांगितलंच नसेल तर जबाबदारी त्यांच्यावरही येऊ शकते, पण ते सिद्ध करावं लागेल आणि साक्षीदार मी एकटीच. वकिलांनी प्रतिज्ञापत्र टाईप करून पुढ्यात ठेवलं. माझ्यासमोर डॉक्टरांनी कोणतीही सूचना दिली नाही, असं त्यात होतं.

पेन घेतलं आणि हात थांबला. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मला ऑफिसचा फोन आला होता. मी भिंतीकडे तोंड करून बोलत होते. मागं डॉक्टर काहीतरी सांगत होते, वडील मान हलवत होते. वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून तर मी गेले होते.

"तू हुतीस की तितं," वडील म्हणाले. "सांग की, मला काय बी सांगितलं न्हाय म्हणून."

"मला आठवत नाही, अप्पा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सही झाली नाही, डॉक्टरांवर तक्रारही झाली नाही. वडिलांवरचा खटला तेवढा उभा राहिला.

मावशींच्या मुलीला मी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. ती आईला पेज भरवत होती.

"मग आमी जाब कुणाला विचारायचा?" तिनं विचारलं.

मला विचारा, असं मी म्हणाले. तिनं आईचं तोंड पुसलं.