पहिल्या पंगतीतलं माझं पान

मधुमेह निघाल्यापासून माझ्या डायरीत जेवणाच्या वेळा लिहिलेल्या असतात. सकाळी आठला नाश्ता, दुपारी एकला जेवण, रात्री आठच्या आत दुसरं. आधी कोशिंबीर, मग उसळ आणि भाजी, सोबत एक भाकरी. भात शेवटी, लहान वाटीभर. घरी हे जमतं. अडतं ते समारंभात, कारण आमच्याकडे बायका दुसऱ्या पंगतीला बसतात.

एका वास्तुशांतीला मी अशीच थांबले होते. बाहेर पुरुषांना आग्रह चाललेला आणि वाढता वाढता मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. कुणी साखर चारली, कुणी सरबत पाजलं. नंतर भुकेपोटी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. दोन दिवस साखर कधी वर, कधी खाली. डॉक्टर म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहू नका. पुढच्या वेळी चक्कर येऊन पडाल."

यंदा अधिक महिन्यात थोरल्या जाऊबाईंनी पंचवटीतल्या घरी जावयाला पुरणाच्या धोंड्यांचं जेवण केलं. हॉलमध्ये बारा पानं मांडलेली. मी माणसं मोजली, सगळे एकदमच बसणार असं धरलं आणि साडेबाराला गोळी घेतली. तेवढ्यात व्याह्यांकडची मंडळी आली आणि पानं पुरुषांनीच भरली.

पर्समध्ये फुटाणे होते. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्याने फुटाणे चावायचे आणि बाहेर धोंडे वाढायचे, हे मला आता करायचं नव्हतं.

"ताई, माझंही पान इथेच मांडते."

"अगं, पुरुषांत? जावईबापू बसलेत. अर्धा तास कळ काढ की!"

"तुमच्या अर्ध्या तासाचे अडीच वाजतात. गोळी पोटात गेलीय."

"मग आत खा दोन घास. कोण बघतंय?"

"दोन घास नाही. बसून जेवणार."

मिस्टरांना सरकायला सांगितलं. ते सरकले, पण मान वर केली नाही. जावई मात्र हसला. "काकू, तुम्हीही जावई झालात की!"

"झाले. माझ्या वाणात अनारशांऐवजी मटकी घाला."

पंगत हसली. जाऊबाई हसल्या नाहीत. कोशिंबीर संपवून मी उसळ खात होते, तेव्हा त्या धोंड्यांचं ताट घेऊन आल्या. मी पानावर हात आडवा धरला.

"माझ्या हातचं नको झालं का?"

"अर्धा द्या. शेवटी खाईन. हात तुमचा, ताई, पण साखर माझी आहे."

अर्धा धोंडा पानात आपटला. चांगला झाला होता, तसं मी सांगितलंही.

जेवून उठले, पदर खोचला आणि बायकांची पंगत मी वाढली. तूप घेताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगत जा. चारचौघांत शोभा नको."

"आत्ताच सांगते. दिवाळीला पहिल्या पंगतीत माझं पान धरा. आणि गोळ्या घेणारी आणखी कुणी असेल, तर तिचंही."

त्यांनी धोंडा मोडून तुपात बुडवला. मी शब्द मागे घेतला नाही.